सोने घेऊन गेले, सायनाइडचे डोंगर ठेवून गेले



जमिनीखाली खनिज असल्याचा वास आला, की त्या गावात एक ठरलेले भाषण ऐकू येते. "तुमची शेती तोट्याची. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, मालाला भाव नाही. या मातीला कवटाळून काय बसलात? खाण येऊ द्या. रस्ता येईल, वीज येईल, पोरांना नोकऱ्या लागतील. गावाचे सोने होईल!"

भाषण करणारे बदलतात, टोप्या बदलतात, भाषण बदलत नाही. आम्ही खाणीचे वैरी नाही. लोखंड लागते, कोळसा लागतो, मँगनीज लागते. नांगराचा फाळ काही आभाळातून पडत नाही. पण ज्या गावाचे खरोखरच सोने झाले, तिथे आज काय उरले आहे हे भाषण ऐकणाऱ्याला माहीत असले पाहिजे. म्हणून या मेळाव्यात आम्ही कोलारचा हिशेब मांडत आहोत.

कर्नाटकात, बंगळूरच्या पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आसपास कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. आहेत म्हणजे होत्या. 28 फेब्रुवारी 2001 रोजी त्या बंद झाल्या. मुलूख आपल्यासारखाच कोरडवाहू. माती तांबडी, पीक नाचणीचे, पाणी तळ्याचे. एकशे वीस वर्षांत तिथून सुमारे 800 टन सोने निघाले. तुमच्या घरात एखादा तोळा असेल, तोही बँकेत गहाण. म्हणून पुन्हा वाचा: आठशे टन.

दगडाची गोष्ट

आधी दगड समजून घेऊ, कारण सगळी लबाडी दगडाच्या अज्ञानावर चालते.

आपल्या कपाशीच्या काळ्या रानाखाली जो काळा कातळ लागतो तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. तो झिजून आपली चिकण काळी माती झाली. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी एकाही पावसाशिवाय पिकवून दाखवते. कोलारचा काळा खडकही मुळात लाव्हाच. पण तो सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या कातळाच्या चाळीसपट म्हातारा. उत्तर-दक्षिण ऐंशी किलोमीटर लांब आणि फक्त चार-सहा किलोमीटर रुंद अशी त्याची पट्टी दोन्ही बाजूंच्या ग्रॅनाइटजातीच्या खडकात चेपली गेली आहे. भूशास्त्रज्ञ तिला कोलारचा शिस्ट पट्टा म्हणतात.

मग आपल्या कातळात सोने का नाही आणि तिथे का? आपला लाव्हा थरावर थर बसून निवांत पडून राहिला. कोलारचा लाव्हा खोल गाडला गेला, दाबला गेला, भाजला गेला, त्याला भेगा पडल्या. खोलातले ऊन पाणी त्या भेगांतून वर चढले. येताना खडकातले कणभर सोने आणि गारगोटीचा अंश विरघळवून घेऊन आले, आणि भेगांतच निवून बसले. त्या गारगोटीच्या शिरा म्हणजेच सोन्याची खाण. सर्वांत श्रीमंत शीर चँपियन नावाची. ती जवळजवळ उभी जमिनीत उतरत जाते, आणि तिच्या मागे माणूसही उतरत गेला, 3 किलोमीटरच्याही खाली. जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होती. आपली बोअर 500 फुटांवर गेली तर घरात रडारड होते. तिथे माणसे दहा हजार फुटांवर काम करत होती. त्या खोलीवर नुसत्या खडकाचे तापमान साठ अंशांच्या वर. वरच्या खडकाचे ओझे इतके, की भुयाराच्या भिंती बाँब फुटावा तशा फुटत आणि माणसे गाडली जात.

एवढे करून मिळे किती? एकूण सुमारे 5 कोटी 10 लाख टन दगड फोडला आणि 800 टन सोने आले. म्हणजे सरासरीने एका तोळ्यामागे पाऊण टन दगड. सुरुवातीला शीर श्रीमंत होती, तेव्हा याहून कमी. अखेरीस टनाला तीन ग्रॅम सोने मिळू लागले, तेव्हा एका तोळ्यामागे चार टन. हा फोडलेला दगड कुठे गेला, ते पुढे सांगतो. ते विसरू नका.

आधी कोणाचे होते?

इंग्रजांनी कोलारचे सोने 'शोधले' असे पुस्तकात लिहितात. टिपू 1799 मध्ये पडला. म्हैसूरच्या नव्या सीमेची मोजणी करायला आलेल्या लेफ्टनंट वॉरेनने 1802 मध्ये काय पाहिले? उरिगाम आणि मारिकुप्पमची माणसे माती धुऊन, दगड कुटून सोने काढत होती. म्हणजे शोध गावाने लावला होता. साहेबाने फक्त कागद केला. आणि या देशात ज्याच्या हाती कागद, त्याची जमीन.

पुढे न्यूझीलंडच्या लढाईतून आलेला लॅव्हेल नावाचा निवृत्त सैनिक, 1875 मध्ये त्याला म्हैसूर राज्याचा खाणपट्टा. त्याच्याकडून हक्क भांडवलदारांकडे. आणि 1880 पासून लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या फर्मकडे कारभार. खाली उतरायला माणसे कुठली? 1876 ते 78 च्या भीषण दुष्काळाने तो सारा मुलूख मोडून टाकला होता. उत्तर अर्काट आणि चित्तूरकडचे भूमिहीन, बहुतेक दलित, गावगाड्याने बाहेर ठेवलेले. ते खाणीच्या चाळीत आले. वर साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचे मैदान. लोक त्याला 'लिटल इंग्लंड' म्हणत. 1930 मध्ये कंपनीने मजुरांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करायची ठरवली, तेव्हा मजुरांनी संप केला. सोने काढणारा हात चोराचा हात ठरवला गेला, हे त्यांना सहन झाले नाही.

वीज कोणाला, पाणी कोणाला?

'खाण आली की वीज येते' म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावे. कावेरीवर शिवनसमुद्र येथे म्हैसूर राज्याने वीजघर बांधले. जून 1902 मध्ये तिथली वीज निघाली आणि 148 किलोमीटर तारांवरून थेट कोलारच्या खाणीत पोचली. तेव्हा ती जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांपैकी एक होती. बंगळूर शहराच्या रस्त्यावर दिवे लागले ते 1905 मध्ये. आणि ज्या शेतकऱ्यांच्या डोक्यावरून त्या तारा गेल्या त्यांच्या विहिरीवर मोटर बसायला आणखी कित्येक दशके लागली. वीज आली हे खरे. ती गावात आली नाही, गावावरून गेली.

पाण्याचेही तेच. पालार नदीवरच्या बेतमंगल तळ्याचे पाणी खाणीच्या वस्तीला नेले. रेल्वेचा फाटा खाणीपर्यंत टाकला. शतकभर हे चालले. आणि आज त्याच कोलार जिल्ह्यातली तळी कशाने भरतात? 2018 पासून बंगळूर शहराचे सांडपाणी प्रक्रिया करून नळाने आणतात आणि कोलारच्या तळ्यांत सोडतात. ज्या जिल्ह्याने देशाला सोने दिले, त्या जिल्ह्याला शहराच्या मोरीचे पाणी! आणि तेही उपकार म्हणून.

तोटा कुणी केला?

आता मुद्द्याची गोष्ट. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्याला हा भाग समजावून सांगावा लागणार नाही.

1956 मध्ये खाणी म्हैसूर राज्याने ताब्यात घेतल्या, 1962 मध्ये त्या केंद्राकडे गेल्या. साहेब गेला, आपले सरकार आले. लोकांना वाटले, आता आपले सोने आपले. सरकार हे सोने कोणत्या भावाने घेत होते? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अधिकृत भावाने, औंसाला 35 डॉलर. आपल्या पैशात 10 ग्रॅमला 53 रुपये 58 पैसे. त्याच 1960 च्या सुमारास सराफाच्या दुकानात 10 ग्रॅमचा भाव शंभर रुपयांच्या वर होता. म्हणजे तीन किलोमीटर खोल उतरून, साठ अंशांच्या खडकात काढलेल्या सोन्याला निम्मा भाव, आणि खरेदीदार मायबाप सरकार.

ओळखीची वाटते का गोष्ट? सत्तरच्या दशकात लेव्हीच्या नावाने तुमच्या खळ्यावरची ज्वारी कोणत्या भावाने उचलली गेली? 1972 पासून कापसाला एकाधिकार खरेदीच्या दावणीला बांधले, तेव्हा चांगला भाव देणाऱ्या व्यापाऱ्याकडे माल न्यायची बंदी कुणी घातली? माल वेगळा, तराजू तोच. आधी भाव पाडायचा, भाव पाडला की तोटा होतो, तोटा झाला की म्हणायचे, "बघा, यांना धंदा करता येत नाही!"

शिवाय याच काळात, 1963 पासून, सोने नियंत्रणाचे नियम आले, 1968 मध्ये कायदा झाला. सोन्याची कांडी किंवा वीट घरात ठेवणे गुन्हा. ज्या शेतकऱ्याला बँक दारात उभे करत नव्हती, त्याची बायकोच्या गळ्यातली बँकही सरकारच्या डोळ्यांत खुपत होती. हा कायदा 1990 मध्ये रद्द झाला. आणि पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, देशाच्या तिजोरीत परकीय चलन उरले नाही तेव्हा काय केले? रिझर्व्ह बँकेचे सुमारे 47 टन सोने विमानात घालून इंग्लंडच्या बँकेत गहाण ठेवले. सोन्याला मृत संपत्ती म्हणणाऱ्यांची लाज अखेर सोन्यानेच राखली.

शीर खोल गेली होती, दगड गरीब झाला होता, खर्च वाढला होता. हे आम्ही नाकारत नाही. उत्पादनाचा कळस 1905 च्या सुमाराला येऊन गेला होता. मलई परदेशी भागधारकांनी खाल्ली, ताक आपल्या वाट्याला आले. पण ताकाचाही योग्य भाव मिळाला असता तर खोलवरच्या कामासाठी आणि मजुरांच्या पुढच्या सोयीसाठी गाठीला काही राहिले असते. निसर्गाने दगड गरीब केला. खाण कंगाल केली ती धोरणाने.

आणि कुलूप कधी लावले? 2001 मध्ये, जगात सोन्याचा भाव वीस वर्षांच्या तळाला असताना. तेव्हा 10 ग्रॅमला साडेचार हजारांच्या आतबाहेर असलेले सोने 2025 मध्ये एक लाखाच्या वर गेले. दिवाळीत कापूस पडेल भावात विकावा लागणारा शेतकरी अडाणी म्हणवला जातो. त्याला निदान सावकाराचे देणे असते, लेकीचे लग्न असते. सरकारला कोणती घाई होती? उपसा थांबला, पंप बंद झाले आणि खाणीत पाणी भरले. विहीर बुजायला दोन पावसाळे पुरतात, हे ज्याला कळते त्याला ही खाण पुन्हा उघडणे किती महाग पडेल हेही कळेल.

त्या खोलीचा उपयोग सोन्यापुरता नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये याच खाणीत, दोन किलोमीटरच्या खाली, वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची नोंद केली. जगातल्या पहिल्या नोंदींपैकी ती एक. तोट्याच्या वहीत याची जमा कुठे धरली होती?

ढिगारे

तर तो फोडलेला दगड. सोने काढायला दगडाचे पीठ करावे लागते आणि त्या पिठावर सायनाइडचे पाणी सोडावे लागते. सोने विरघळून निघते, पीठ मागे राहते. कोलारला असे 13 ढिगारे आहेत; सुमारे 1,003 एकरांवर 3 कोटी 30 लाख टन. तिथले लोक त्यांना सायनाइड डंपच म्हणतात. दुरून पाहिले तर टेकड्या वाटतात.

शेतीशास्त्राच्या अंगाने सांगतो. सायनाइड उन्हावाऱ्यात कालांतराने मोडतो, ते एक वेळ सोडा. पण हे पीठ म्हणजे माती नव्हे. त्यात सेंद्रिय अंश नाही, जिवाणू नाहीत, चिकणपणा नाही, ओल धरण्याची ताकद नाही. दगडात गंधकाची खनिजे असली, की हवापाणी लागून आम्ल तयार होते आणि त्यात जड धातू सुटे होतात. उन्हाळ्यात हे पीठ वाऱ्यावर उडते, घरात, छातीत, पिकाच्या पानावर बसते. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात गेली की ती परत येत नाही. खाणमजुराला तो आजार आत होत असे. खाण बंद झाल्यावर धूळ वर राहिली. पावसाळ्यात तेच पीठ ओघळून ओढ्यात आणि खालच्या रानात उतरते. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, आणि तिच्यावर असे पीठ पसरायला एक वळीव पुरतो.

मजुरांचे काय झाले? चाळीतल्या एकेका खोलीत कुटुंबे तशीच राहिली. नव्या पिढीची माणसे पहाटेच्या गाडीने बंगळूरला जातात आणि रात्री परततात. ज्या गावात काम शोधत माणसे येत, त्या गावाची माणसे कामासाठी बाहेर जातात.

खाण बंद करताना काय काय करायचे, ढिगारे कसे बसवायचे, जमीन कशी सावरायची, याचा आराखडा देणे बंधनकारक करणारा नियम आपल्या देशात 2003 मध्ये आला. कोलारला कुलूप लावल्यानंतर दोन वर्षांनी! आणि 2024 च्या जूनमध्ये कर्नाटक सरकारने मान्यता कशाला दिली? त्याच 13 ढिगाऱ्यांतून उरलेसुरले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला. म्हणजे धूळ खाल्ली गावाने, आणि भाव चढल्यावर धुळीलाही मालक सापडला.

हे आपल्या बांधापर्यंत कसे येते?

कोलार लांब आहे म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. वर्धा खोऱ्यात कपाशीच्या रानात कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजचा पट्टा आहे. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिज निघते आहे. उद्या कोणाच्या शिवारात मोजणीचे दगड रोवले जातील, सांगता येत नाही.

तेव्हा तुमच्या हातात काय आहे? सातबारा. आणि सातबाऱ्याची खोली किती? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 48 सांगते, की अनुदानाच्या अटींत वेगळे लिहिले नसेल तर सर्व खनिजांचा हक्क राज्य सरकारचा. म्हणजे दीड हात माती तुमची, खालचे पाताळ सरकारचे. स्वतःच्या शेतातला ट्रॅक्टरभर मुरूम विकायला काढा, तलाठी दारात उभा. 2013 मध्ये मलबारच्या जमीनधारकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्याने काढून घेतले नसेल तर पोटातल्या खनिजाची मालकी जमिनीच्या मालकाकडेच असते. आपल्याकडे ती कायद्यानेच काढून घेतली आहे. ज्याने काढून घेतली, त्याच्याकडेच ती परत मागावी लागेल.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही ठेवत असलेल्या मागण्या अशा:

1. खाणीसाठी शेतजमीन विकत नाही, भाड्याने मिळेल. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे राहील, भाडे दरवर्षी मिळेल, निघालेल्या मालाच्या बाजारभावात हिस्सा मिळेल आणि काम संपल्यावर जमीन भरून, माती पसरून परत द्यावी लागेल.

2. पहिले फावडे मारण्याआधी वरची माती वेगळी काढून राखली पाहिजे. खाण बंद करण्याचा पूर्ण खर्च आधी बँकेत ठेवला पाहिजे. मजुराला आगाऊ उचल देताना मुकादम जामीन मागतो. खाणवाल्याकडून जामीन घ्यायला सरकारला लाज का वाटावी? खाणींचे आराखडे मंजूर करणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. हे विचारायला दिल्लीला जायची गरज नाही.

3. बंद करण्याचा आराखडा मराठीत छापून ग्रामसभेत वाचला पाहिजे. इंग्रजी कागदावर अंगठा यापुढे नाही.

4. 2015 च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणवाल्याने स्वामित्वधनाशिवाय त्यात वेगळी रक्कम भरायची असते, जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या 30 टक्के, लिलावाच्या पट्ट्यांवर 10 टक्के. हा पैसा खाणीने बाधित गावांचा आहे. त्यातून कुठे काय बांधले, याचा हिशेब दरवर्षी त्या गावांच्या चावडीवर लागला पाहिजे.

5. खाणीला वीज आणि पाणी द्यायचे, तर ज्या गावांवरून तार आणि नळ जातो त्या गावांना आधी.

6. कलम 48 बदला. जमीन ज्याची, त्याचा खालच्या खनिजातही हक्क.

यातली एकही मागणी भीक नाही. शेतीमालाला बाजारभाव मागतो त्याच न्यायाने जमिनीलाही तिचा भाव मागतो आहोत.

जाता जाता भाषणवाल्यांना एक सांगून ठेवतो. शेती तोट्याची आहे म्हणून जमीन सोडा म्हणता? खाण एकदाच पिकते. शीर संपली की ती पुन्हा पेरता येत नाही, 270 कोटी वर्षे थांबलात तरी. आमची काळी माती गेली हजार-दोन हजार वर्षे दर साली पिकते आहे, आणि तुमच्या भावाच्या धोरणांतूनही ती जगली आहे. तोटा मातीत नाही. तोटा तुमच्या तराजूत आहे, आणि तराजू दुरुस्त करता येतो.

आपापल्या तालुक्यात जा. ज्या गावात मोजणी झाली आहे किंवा खाणपट्ट्याची बोलणी चालली आहेत त्या गावांची यादी करा, ग्रामसभेचा ठराव घ्या, आणि पुढच्या जिल्हा बैठकीला ठरावाची प्रत घेऊन या. बाकीचे तिथे ठरवू.